सात मोटारींचा ट्रक : वीज कुणाला, किती आणि कोणत्या रस्त्याने

मी सिकंदराबादच्या गच्चीवरच्या माझ्या खोलीत आहे. मागच्या भागांत आपण चेसिस कापली, ॲक्सल बसवले, केबिन रंगवली. आज वायरिंग. व्हिडिओत मी फळ्यावर आकृती काढून दाखवतो. पुस्तकात फळा नाही, म्हणून इथे जोडणी जरा सविस्तर, शब्दांत सांगितली आहे. एकदा वाचा, मग समोर ट्रक ठेवून पुन्हा वाचा.

इंदूर, बडोदा, बंगळुरू, रायपूर, कुठून कुठून आपली मराठी मंडळी लिहून विचारतात. प्रश्न फिरून फिरून एकच असतो. "सर, सगळं सुटं सुटं छान चालतं. स्टीअरिंग चालतं, विंच चालते, क्रेन चालते. एकत्र जोडलं की ट्रक मध्येच मरतो आणि दोन सेकंदांनी परत जिवंत होतो. रिसीव्हर खराब आहे का?"

बहुतेक वेळा रिसीव्हर चांगला असतो. तो उपाशी असतो. आजचा सगळा भाग म्हणजे या एका वाक्याचा खुलासा आहे. लक्षात ठेवायच्या गोष्टी दोनच. वीज वाटताना सरासरीचा हिशेब करायचा नाही, सगळ्यात वाईट क्षणाचा करायचा. आणि रिसीव्हरचं रेशन वेगळं ठेवायचं.

हे मी शहाणपणाने शिकलो नाही. चुकून शिकलो. ती चूक आधी सांगतो.

उतारावरची गोष्ट

माझा ट्रक म्हणजे फौजेतल्या सहाचाकी रिकव्हरी गाडीची नक्कल. चिखलात फसलेल्या गाड्या ओढून काढणारी ती गाडी. नोकरीची बरीच वर्षं ईएमईमध्ये, म्हणजे फौजेच्या दुरुस्ती खात्यात गेली, त्यामुळे या गाडीवर जीव. प्रमाण १:१४, वजन सहा किलोच्या आसपास. पुढच्या ॲक्सलला एक मोटार, मागच्या दोन ॲक्सलना मिळून एक, विंचला एक. शिवाय चार सर्वो : एक स्टीअरिंगचा, एक क्रेनचा हात उचलणारा, एक हात लांब करणारा आणि एक छोटा, क्रेन गोल फिरवणारा. सर्वोच्या डबीत पण मोटारच असते. म्हणजे एकूण सात मोटारी.

पहिल्यांदा जोडला तेव्हा मी सोपा मार्ग धरला. स्पीड कंट्रोलरमधून जी तीन वायरींची पट्टी रिसीव्हरकडे जाते, तीच रिसीव्हरला वीजही देते. रिसीव्हरमधून ती चारही सर्वोंना जाते. विंचचं छोटं बोर्डसुद्धा मी रिसीव्हरच्याच एका चॅनलवर लावून दिलं. टेबलावर सगळं चाललं. मी खूश.

मग आमच्या इमारतीच्या पार्किंगच्या उतारावर नातवाच्या हातात रिमोट दिला. वय वर्षं नऊ. ट्रक उतारावर, तोंड वर, विंचचा दोर वरच्या खांबाला. ट्रक स्वतःला ओढत चढत होता. नातू मागे बसून चाकं बघत होता. त्याने विंच चालू ठेवून स्टीअरिंग फिरवलं आणि पुढचं चाक कठड्याला अडलं. दिवे मंदावले. सगळं मेलं. सहा किलोचा ट्रक तसाच मागे घरंगळला आणि त्याच्या बोटावर आला. करंगळीचं नख काळं पडलं. तेवढ्यावर निभावलं.

तो रडला नाही. त्याने विचारलं, "आजोबा, मी काय चुकीचं दाबलं?"

त्याने काहीच चुकीचं दाबलं नव्हतं. विंच आणि स्टीअरिंग एकदम वापरणं हे रिकव्हरी गाडीचं रोजचं काम आहे. चूक मी वायरिंग करताना टेबलावरच केली होती. फौजेत एक सवय लागते : चालवणाऱ्याला दोष देण्याआधी गाडी तपासायची. त्या रात्री मी ट्रक पूर्ण उघडला आणि कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

अडलेली मोटार किती खाते

मोटार फिरत असते तेव्हा ती स्वतःही थोडी वीज उलट दिशेने तयार करत असते. त्यामुळे बॅटरीच्या दाबाला विरोध होतो आणि करंट कमी राहतो. मोटार अडली की हा विरोध संपतो. मग उरतो फक्त आतल्या तांब्याच्या गुंडाळीचा रोध, आणि तो फार कमी असतो. करंट एकदम उसळतो. इंग्रजीतून आलेला शब्द आपल्याकडेही रुळलाय, स्टॉल करंट. हा फक्त अडल्यावरच येतो असं नाही. थांबलेली मोटार सुरू होते त्या पहिल्या क्षणी ती अडलेलीच असते.

माझ्या ट्रकचे आकडे असे आले :

- चालवणाऱ्या दोन मोटारी, ५४० आकाराच्या, ५५ टर्नच्या : सपाटीवर दोन्ही मिळून ४ अँपियर. अडल्यावर प्रत्येकी २५, म्हणजे ५०.
- विंच : रिकामी १ अँपियर, अडल्यावर ६.
- धातूच्या गिअरचे तीन सर्वो : अडल्यावर प्रत्येकी २.५, म्हणजे ७.५.
- छोटा सर्वो : ०.७.
- दिवे आणि आवाजाचं मॉड्यूल मिळून : ०.८.
- रिसीव्हर : ०.१.

आता माझ्या स्पीड कंट्रोलरवर काय लिहिलं होतं? रिसीव्हरकडे जाणारी वीज, २ अँपियर. आणि मी त्यावर विंचचे सहा आणि स्टीअरिंगचे अडीच लादले होते. साडेआठ मागणारे, दोन देणारा. नातवाने काय दाबलं हा प्रश्नच नव्हता.

तुमच्या मोटारीचे आकडे डेटाशीटमध्ये मिळतात. नसतील तर मोजा. मोटारीचा दांडा पक्कडीत घट्ट धरा, पूर्ण व्होल्टेज न देता बेंच सप्लायवरून फक्त १ व्होल्ट द्या, एक-दोन सेकंदांत करंट वाचा आणि बंद करा. ४ अँपियर आले तर ७.४ व्होल्टवर साधारण ४ गुणिले ७.४, म्हणजे तीसच्या आसपास येणार. मोठा करंट मोजायला क्लॅम्प मीटर उत्तम, पण घेताना डीसी मोजणारा आहे ना हे बघून घ्या. बरेच स्वस्त क्लॅम्प मीटर फक्त एसी करंट मोजतात.

आणखी एक. स्वस्त स्पीड कंट्रोलरवर ३२० अँपियर असं छापलेलं दिसतं. त्याच्या बारीक वायरी बघितल्या तरी कळतं की हा आकडा सततचा असूच शकत नाही. तो निमिषभराचा असतो. सतत किती देतो तो आकडा शोधा. तो दिला नसेल तर दुसरा कंट्रोलर घ्या.

नळ आणि वरचा मजला

करंट जास्त मागितला की रिसीव्हर का मरतो? इमारतीच्या टाकीचं उदाहरण घ्या. सकाळी सात वाजता सगळ्या मजल्यांवरचे नळ एकदम सोडले की टाकीच्या लगतच्या, सगळ्यात वरच्या मजल्यावर पाण्याची धार करंगळीएवढी होते. टाकीत पाणी असतं, दाब नसतो. विजेत या दाबाला आपण व्होल्टेज म्हणतो.

आपला रिसीव्हर म्हणजे तो वरचा मजला. त्याला पाणी लागतं चमचाभर, पण दाब सतत हवा. सर्वो साडेचार व्होल्टवर कुरकुरत का होईना चालतो. रिसीव्हरच्या आत मात्र छोटा संगणक आहे. दाब त्याच्या किमान मर्यादेखाली गेला, अगदी क्षणभर गेला, तरी तो बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. तेच ते दोन सेकंद.

स्पीड कंट्रोलरमध्ये बॅटरीचं व्होल्टेज कमी करून रिसीव्हरला देणारा जो भाग असतो, त्याला बीईसी म्हणतात. तो दोन प्रकारचा. जुना, लिनियर प्रकार जादाचं व्होल्टेज उष्णता करून उडवतो. दोन सेलची लिपो पूर्ण भरली की ८.४ व्होल्ट असते. तिथून ५ व्होल्ट काढायचे तर ३.४ व्होल्ट जाळायचे. करंट २ अँपियर असेल तर ३.४ गुणिले २, म्हणजे ६.८ वॅट उष्णता, नखाएवढ्या चिपमध्ये. तीन सेलची बॅटरी लावलीत, १२.६ व्होल्ट, तर तीच उष्णता १५.२ वॅट. छोट्या सोल्डरिंग आयर्नएवढी. चिप स्वतःला वाचवायला बंद होते आणि ट्रक मरतो. म्हणून काही ट्रक पहिली पाच मिनिटं नीट चालतात आणि मग दगा देतात. दुसरा, स्विचिंग प्रकार वीज फारशी न जाळता व्होल्टेज उतरवतो. बाहेरून वेगळा लावायचा असा स्विचिंग बीईसी मिळतो, त्याला यूबीईसी म्हणतात. आपल्याला तो हवा.

तीन रस्ते

आता जोडणी. फौजेत रसद, दारूगोळा आणि निरोप एकाच गाडीत कोंबत नाहीत. इथेही तीन रस्ते वेगळे करायचे.

पहिला रस्ता, जड वाहतुकीचा. बॅटरी ते स्पीड कंट्रोलर ते चालवणाऱ्या मोटारी. आणि बॅटरी ते विंचचा स्वतंत्र छोटा कंट्रोलर ते विंच. विंचची वीज यापुढे रिसीव्हरच्या वाटेला जाणार नाही. विंचचा कंट्रोलर थेट बॅटरीवर, रिसीव्हरकडून त्याला फक्त हुकूम.

दुसरा रस्ता, सर्वोंचा. बॅटरी ते यूबीईसी, तिथून ६ व्होल्ट, आणि तिथून एक वाटप पट्टी. माझ्या सर्वोंचे ८.२ आणि दिवे-आवाजाचे ०.८ मिळून ९ होतात, म्हणून मी सतत १० अँपियर देणारा यूबीईसी लावला. तुमच्या ट्रकात दोनच सर्वो असतील तर ५ अँपियरचा पुरे. सर्वो ६ व्होल्टचे आहेत ना ते मात्र तपासा. ८.४ व्होल्ट झेपणारे सर्वो वेगळे येतात आणि तसं त्यांच्यावर लिहिलेलं असतं.

वाटप पट्टी घरीच होते. भोकाच्या बोर्डाच्या तुकड्यावर तीन ओळींत पिना सोल्डर करा. सर्वोच्या प्लगमध्ये तीन वायरी असतात : काळी किंवा तपकिरी म्हणजे उणे, मधली लाल म्हणजे अधिक, आणि पांढरी, पिवळी किंवा नारिंगी म्हणजे सिग्नल. मधल्या ओळीच्या सगळ्या पिना जाड तांब्याच्या तारेने एकत्र जोडा आणि यूबीईसीची लाल तिथे द्या. उण्याच्या ओळीचं तसंच. सिग्नलच्या पिना मात्र एकमेकींना जोडायच्या नाहीत. प्रत्येक सिग्नल पिनेला रिसीव्हरच्या आपापल्या चॅनलवरून एकेक बारीक वायर.

हे का करायचं? रिसीव्हरच्या पिना आणि आतले पट्टे बारीक असतात. सगळ्या सर्वोंचा करंट त्यांतून नेणं म्हणजे गल्लीतून रणगाडा नेणं.

तिसरा रस्ता, निरोपाचा. रिसीव्हरला मी स्वतःची बॅटरी दिली. घड्याळात, खेळण्यांत घालतो तसे चार रिचार्जेबल एए सेल, निकेल मेटल हायड्राइडचे. प्रत्येकी १.२, मिळून ४.८ व्होल्ट. २००० मिलिअँपियर-तासांचे सेल आणि रिसीव्हरची भूक ०.१ अँपियर, म्हणजे हिशेबाने २० तास.

ही कल्पना माझी नाही. रेडिओ बसवलेल्या फौजी गाड्यांत रेडिओसाठी वेगळ्या बॅटऱ्या असायच्या. कारण इंजिन सुरू करताना स्टार्टर मोटार इतका करंट ओढते की गाडीच्या बॅटरीचा दाब पडतो, आणि नेमका तेव्हाच रेडिओ बंद पडणं परवडत नाही. मी आयुष्यभर त्या गाड्या दुरुस्त केल्या आणि स्वतःच्या खेळण्यात तीच गोष्ट विसरलो.

तुम्ही म्हणाल, यूबीईसी चांगला असेल तर वेगळे सेल कशाला? हिशेब करू. जुन्या झालेल्या लिपोचा आतला रोध प्रत्येक सेलला २० मिलिओहम धरा. दोन सेलचे ४०. मोटारी अडून ५० अँपियर ओढायला लागल्या की ०.०४ गुणिले ५०, म्हणजे २ व्होल्ट बॅटरीच्या आतच पडले. ७.४ ची बॅटरी ५.४ झाली. यूबीईसी दाब उतरवतो, वाढवत नाही. त्याच्याकडून मग सहा व्होल्ट येणार कुठून? सर्वो ढिले पडतील, पण रिसीव्हर जागा राहील आणि तुम्ही काठी मागे घेतलीत की ऐकेल. जागा असलेला रिसीव्हर आणि मेलेला रिसीव्हर, एवढाच त्या उतारावर फरक होता.

लाल वायर काढा, काळी कधीच नको

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. चालवण्याच्या आणि विंचच्या, दोन्ही कंट्रोलरच्या पट्टीतून लाल वायरीने वीज बाहेर येते. यूबीईसीची वेगळी, सेलची वेगळी. हे सगळे पुरवठेदार एका पट्टीवर आले की ज्याचं व्होल्टेज कणभर जास्त, तो सगळा भार उचलायला जातो आणि दुसऱ्यांत वीज उलटी ढकलतो. एका स्वयंपाकघरात चार आचारी, प्रत्येकाची मिठाची चव वेगळी.

म्हणून दोन्ही कंट्रोलरच्या प्लगमधली लाल वायर काढायची. कापू नका. प्लगच्या प्लॅस्टिकची छोटी जीभ सुईने उचला, लाल वायर पिनेसकट बाहेर येते. तिच्यावर स्लीव्ह चढवून मागे बांधून ठेवा, उद्या लागली तर परत घालता येते. रिसीव्हर ते वाटप पट्टी या मार्गातही लाल नको.

काळी मात्र सगळीकडे जोडलेली हवी. कारण सांगतो. रिसीव्हर सर्वोला हुकूम देतो तो विजेच्या ठोक्यांनी, सेकंदाला साधारण ५० ठोके. ठोका १.५ मिलिसेकंदाचा असेल तर सर्वो मध्यावर, १ च्या जवळ एका टोकाला, २ च्या जवळ दुसऱ्या टोकाला. हा ठोका काळ्या वायरीच्या तुलनेत मोजला जातो. दोन बॅटऱ्यांच्या काळ्या वायरी जोडलेल्या नसतील तर सर्वोला ठोका कशाच्या तुलनेत मोजायचा हेच कळत नाही. तो थरथरतो किंवा गप्प बसतो.

सगळ्या काळ्या वायरी बॅटरीच्या प्लगजवळ एकाच बिंदूवर आणा. आणि स्पीड कंट्रोलरची जाड काळी वायर भक्कम सोल्डर करा. ती सैल झाली तर मोटारींचा सगळा करंट परतीची वाट शोधत सिग्नलच्या केसाएवढ्या काळ्या वायरीत शिरतो. ती वितळते, कधी रिसीव्हरसकट. जळका वास आला आणि जळलेली वायर बारीक काळी निघाली, तर आधी जाड काळीचा जोड तपासा.

दोन मोटारी, एक कंट्रोलर

ब्रशवाल्या दोन मोटारी एका कंट्रोलरवर चालतात. ब्रशलेस मोटारींना मात्र प्रत्येकी आपापला कंट्रोलर हवा, कारण तो आपल्या मोटारीचा दांडा कुठे आहे हे ओळखून वीज देतो. दोघींचे दांडे एकदम ओळखणं त्याला जमत नाही.

ब्रशवाल्या मोटारी समांतर जोडा, म्हणजे दोघींच्याही लाल वायरी एकत्र, काळ्या एकत्र. दोघींना पूर्ण व्होल्टेज मिळतं आणि करंटची बेरीज होते. एकामागे एक अशा साखळीत जोडल्या तर दोघींतून एकच करंट जातो. मग मागचं चाक चिखलात रिकामं फिरायला लागलं की तीच मोटार व्होल्टेजचा मोठा वाटा खाते, करंट कमी होतो, आणि पुढची मोटार, जिला खरोखर जोर हवा, ती हात टेकते. रिकव्हरी ट्रकला हे चालत नाही. समांतर जोडल्यावर एखादी मोटार उलटी फिरली तर घाबरू नका, फक्त तिच्याच दोन वायरींची अदलाबदल करा.

ब्रशच्या ठिणग्यांनी रेडिओत खरखर होते. प्रत्येक मोटारीला ०.१ मायक्रोफॅरडचे, म्हणजे वर १०४ लिहिलेले तीन सिरॅमिक कपॅसिटर लावा : एक दोन टोकांमध्ये, बाकी दोन प्रत्येक टोकापासून मोटारीच्या पत्र्यावर. पत्रा आधी घासून घ्या, नाहीतर सोल्डर धरत नाही.

वायर, प्लग, फ्यूज

वायरीचा गेज नंबर जितका मोठा तितकी वायर बारीक. बॅटरीपासून वाटणीच्या बिंदूपर्यंत मी १२ गेज सिलिकॉन वायर वापरली, कंट्रोलर आणि चालवणाऱ्या मोटारींना १४, विंचला १८, यूबीईसीला १६. सर्वोला लांब एक्स्टेन्शन लावताना विचार करा. २६ गेजची ६० सेंटिमीटर वायर, जाऊन-येऊन १२० सेंटिमीटर, तिचा रोध साधारण ०.१६ ओहम. सर्वो अडून अडीच अँपियर ओढतो तेव्हा ०.४ व्होल्ट वायरीतच गेले. म्हणून वाटप पट्टी सर्वोंच्या जवळ ठेवा.

पांढरा जुना टामिया प्लग साध्या गाडीला ठीक, पण दोन मोटारींच्या ट्रकात तो तापून मऊ होतो. एक्सटी-६० लावा. बॅटरीच्या बाजूला नेहमी मादी प्लग, म्हणजे उघड्या पिनांना चुकून काही टेकून शॉर्ट होणार नाही.

फ्यूज मात्र विसरू नका. मोटारगाडीच्या सुट्या भागांच्या दुकानात पात्याचे फ्यूज मिळतात आणि रंगावरून ओळखता येतात : हिरवा ३०, पिवळा २०, निळा १५, लाल १०, तपकिरी साडेसात. चालवणाऱ्या मोटारींच्या वाटेवर मी हिरवा लावला. क्षणभराची उसळी तो सोसतो, पण मोटार अडवून काठी दाबूनच धरली तर जातो. विंचला तपकिरी, यूबीईसीला लाल. तिन्ही फ्यूज बॅटरीच्या शक्य तितके जवळ, कारण फ्यूज वायरीला वाचवतो, आणि फ्यूजच्या आधीच्या वायरीला कोणीच वाचवत नाही. जळालेल्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज किंवा चांदीचा कागद घालणाऱ्याला माझ्याकडे माफी नाही. लिपो शॉर्ट झाली की विझवणं अवघड, आणि ती आग घरात लागते, मुलांच्या खोलीत लागते.

हे सामान लॅमिंग्टन रोडला मिळतं तसं आमच्याकडे कोटीच्या गुजराती गल्लीत मिळतं, चेन्नईत रिची स्ट्रीटला, बंगळुरूत एसपी रोडला. सिलिकॉन वायर घेताना टोक सोलून बघा. आतले तंतू खूप आणि बारीक असले पाहिजेत, आणि ते तांब्याचे असले पाहिजेत. चाकूने खरवडून आत चंदेरी ॲल्युमिनियम दिसलं तर परत करा.

दहा मिनिटांची परेड

जोडून झालं म्हणून मैदानात पळू नका. क्रम असा :

१. बॅटरी न लावता मल्टीमीटरने अधिक आणि उणे यांत शॉर्ट नाही हे बघा. प्रत्येक प्लगची लाल-काळी तपासा.

२. यूबीईसी एकटा बॅटरीवर लावा, बाहेर ६ व्होल्ट येतात का मोजा. मगच सर्वो जोडा.

३. चाकं जमिनीवरून उचलून ट्रक ठोकळ्यावर ठेवा. आधी ट्रान्समीटर चालू, मग ट्रक. बंद करताना उलटं, आधी ट्रक.

४. एकेक काम वेगळं करून बघा. मग सगळी एकदम. स्टीअरिंगचं चाक हाताने किंचित अडवा, त्याच वेळी विंचवर भार द्या, क्रेन उचला. सोबतीला मीटर वाटप पट्टीवर लावून ठेवा. सहाचे साडेपाच झाले तर चालेल. साडेचार दिसले तर वायर बारीक आहे किंवा यूबीईसी कमी पडतोय.

५. ठोकळ्यावरच चाकं फिरत असताना ट्रान्समीटर बंद करा. चाकं थांबलीच पाहिजेत. नाही थांबली तर फेलसेफ लावलेलं नाही. ते मध्यावर, म्हणजे थांबलेल्या स्थितीत लावा.

६. पाच मिनिटं चालवून प्रत्येक जोडाला हात लावा. बोट ठेववत नाही इतका गरम जोड म्हणजे सोल्डर कच्चा.

रिसीव्हरचे चार सेल चार्ज आहेत का हे दर वेळी बघायचं. स्पीड कंट्रोलर मोठ्या बॅटरीवर नजर ठेवतो, या सेलवर कोणी ठेवत नाही. लिपो प्रत्येक सेल ३.५ व्होल्टला आली की खेळ थांबवा. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही. चार्जिंग बॅलन्स चार्जरवर, समोर बसून, पाच हजारच्या बॅटरीला पाच अँपियरपेक्षा जास्त नाही. आठवडाभर वापरणार नसाल तर पूर्ण भरलेली ठेवू नका, प्रत्येक सेल ३.८ च्या आसपास ठेवा.

आमचा ट्रक आता त्याच उतारावर चढतो. विंच ओढत असते, स्टीअरिंग अडतं, दिवे किंचितही मंदावत नाहीत. पण एक नियम वाढला आहे : दोर ताणलेला असताना ट्रकच्या मागे कोणी बसायचं नाही. वायरिंग कितीही चांगलं असलं तरी दोर तुटू शकतो.

आणि परेड आता नातू घेतो. सहाही मुद्दे कागदावर लिहून त्याने भिंतीवर चिकटवले आहेत. परवा पाचवा मुद्दा करताना त्याने ट्रान्समीटर बंद केला, चाकं थांबलेली बघितली आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "आजोबा, आता चुकीचं काहीही दाबलं तरी थांबेल ना?"

थांबेल. तेवढ्यासाठीच ही सगळी खटपट.

पुढच्या भागात दिवे, इंडिकेटर आणि आवाजाचं मॉड्यूल. तोपर्यंत तुमच्या ट्रकातल्या सगळ्या मोटारींची यादी करा, प्रत्येकीसमोर अडल्यावरचा करंट लिहा आणि बेरीज करा. मग तुमच्या बीईसीवर काय लिहिलंय ते बघा. जय हिंद.